दहा दिवसांचा कोर्स आणि अकरा काचपट्ट्या

…आणि लिफ्ट गेली की हो वर! आता याला काय म्हणायचं? माणसाचं निम्मं बोलणं खाली आणि निम्मं वर! तुम्हाला सांगते, मी खाली पत्रांच्या पेट्यांपाशी उभी होते, आमच्या पेटीत काही नव्हतं म्हणून जरा इतरांच्या पेट्यांना काही आलंय का एवढंच बघत होते, आणि मागून आमचे सेक्रेटरी आणि पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बोलत बोलत आले. सेक्रेटरी लिफ्टचं दार ओढता ओढता म्हणतात, "डॉक्टर, ती दुसऱ्या मजल्यावरची पोरगी आहे ना, तिचा तो दहा दिवसांचा कोर्स, तो काही साधासुधा कोर्स नाही हं. तो संपला की आपली ही अख्खी इमारत…" आणि खाड्‌! दार लागलं, लिफ्ट वर! अख्खी इमारत काय? अख्ख्या इमारतीचं काय? मी जिन्याने धावले हो, गुडघे दुखतायत, एका हातात विणकामाची पिशवी, पहिला मजला गाठते तोवर डॉक्टर आत, दार बंद! सेक्रेटरी तिसऱ्यावर, त्यांचंही दार बंद! मी आपली मधल्या जिन्यावर धापा टाकत उभी.

मला काय करायचंय म्हणा! पण इमारत तर माझीही आहे ना? सत्तावीस वर्षं राहतोय आम्ही. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि रस्त्याच्या बाजूला गॅलरी. बाकीचं सगळं कोणी नेलं तरी चालेल, पण ती गॅलरी म्हणजे माझा जीव! तिथे उभं राहिलं की कोण कोणाकडे गेलं, किती वेळ थांबलं, येताना तोंड कसं होतं, सगळं दिसतं. लोक पेपर वाचतात, मी गॅलरीत उभी राहते. एकच झालं.

तर ही पोरगी कोण, ते सांगते. आमच्या समोरच्या दारात राहते. आई नर्स आहे, वडील नाहीत, दोघीच. लहानपणापासून नुसती उंच आणि सरळ, पुढून बघा की मागून बघा सारखीच, म्हणून मीच तिचं नाव ठेवलं फूटपट्टी. तिला काही राग नाही. आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थंडीची सुट्टी लागली, म्हटलं आता पोर जरा उशिरापर्यंत झोपेल, तर कसलं काय! सकाळी सात वाजता गळ्याला मफलर, पाठीला बॅग, निघाली! मी गॅलरीतून विचारलं, "काय गं फूटपट्टी, सुट्टीत कुठे?" तर वर बघून म्हणते, "कोर्स आहे काकू, हिवाळी कोर्स! दहा दिवसांचा! शेवटी सेमिनार!"

दहा दिवसांचा कोर्स! अहो, दहा दिवसांत मला स्वेटरची एक बाही पुरी होत नाही, आणि ह्या म्हणे इंजिनीअर होऊन येणार! माझं शिक्षण नववीपर्यंत, मला जास्त कळत नाही, पण एवढं कळतं की जे खरं शिकायचं असतं त्याला वेळ लागतो, आणि जे दहा दिवसांत उरकतं त्यात काहीतरी वेगळंच असतं. तिच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "ताई, सकाळी वर्गात शिकवतात, दुपारी प्रत्यक्ष काम करायचं, आणि दहाव्या दिवशी मोठ्या सरांपुढे उभं राहून सगळं सांगायचं." म्हटलं, काम कसलं? तर म्हणे, "जुन्या इमारती तपासायचं. प्रत्येकाने आपापली इमारत घ्यायची."

आपापली इमारत घ्यायची! ऐकलंत? घ्यायची!

मला काय करायचंय म्हणा, पण मी लक्ष ठेवायला लागले. आणि काय बघते, तर दुपारी पोरगी जिन्यात एक छोटी हातोडी घेऊन भिंतीवर टकटक करतेय. टकटक करते, कान लावते, वहीत लिहिते. परत टकटक, परत कान. मी दार उघडून म्हटलं, "काय म्हणते भिंत?" तर म्हणते, "इथे पोकळ वाजतंय काकू." अगं, सत्तावीस वर्षं ती भिंत गप्प आहे, तू कशाला तिला बोलतं करतेस?

दुसऱ्या दिवशी बोटभर लांबीच्या काचेच्या पट्ट्या घेऊन आली. पातळ, अगदी पापुद्रा! भिंतीला जिथे जिथे भेग, तिथे आडवी एक पट्टी, दोन्ही टोकांना पांढऱ्या प्लास्टरचे दोन गोळे, आणि खाली पेन्सिलीने तारीख. अशा अकरा लावल्या. मी मोजल्या. गच्चीत दोन, तळाशी तीन, जिन्यात पाच, त्यातली एक तर माझ्या दाराच्या उजव्या हाताला, आणि अकरावी… अकरावीसाठी माझ्या घरात आली. "काकू, तुमच्या गॅलरीत एक लावू?" म्हटलं, "लाव बाई, पण ही आहे कशासाठी?" तर पोरगी इकडे बघते, तिकडे बघते. "ते… सरांनी सांगितलंय, काम चालू असताना रहिवाशांना काही सांगायचं नाही. लोक घाबरतात. फक्त हात लावू नका हं काकू, प्लीज!"

आता मला सांगा! तुम्ही माझ्या जागी असता तर? आमच्याच भिंतीला काच चिकटवायची, आम्हालाच सांगायचं नाही, आणि वर म्हणायचं, लोक घाबरतात! अहो, घाबरण्यासारखं असल्याशिवाय कोणी असं सांगतं का?

आमच्या ह्यांना म्हटलं. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि त्या एवढ्याशा चाकांकडे बघायचं, त्यामुळे बायकोसारखी मोठी वस्तू ह्यांना दिसतच नाही. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत का, त्या कोर्समध्ये काहीतरी काळंबेरं आहे. सेक्रेटरी म्हणत होते, कोर्स संपला की अख्खी इमारत…" हे म्हणाले, "काय?" म्हटलं, "तेच तर कळलं नाही ना!" तर भिंग न काढता म्हणतात, "मग निम्मं कळलेलं निम्म्या आवाजात सांग." असे हे! काय बोलायचं!

मी आपली विचार करत बसले. विणत होते, विचार करत होते. ह्यांच्यासाठी जांभळा स्वेटर घातला होता विणायला. हे म्हणाले होते, "मी काय वांगं आहे?" पण लोकर स्वस्त मिळाली होती, मग वांगं तर वांगं. तर विणता विणता एकेक टाका जुळत गेला बघा. पोरींना दहा दिवस शिकवायचं, घरोघर पाठवायचं, भिंती पोकळ आहेत असं लिहून आणायचं, आणि मग कोणीतरी जाड माणूस येणार आणि म्हणणार, ही इमारत धोकादायक, चला, खाली करा! मग पाडली की झालं! आणि तिथे बांधणार उंचच उंच काहीतरी, ज्याच्या गॅलरीतून माणसं मुंग्यांएवढी दिसतील! मग मी कोणाचं तोंड कसं होतं ते काय बघणार?

एकदा तर सेक्रेटरी आणि फूटपट्टी जिन्यात उभे. मला बघून दोघं गप्प! मी म्हटलं, "बोला बोला, माझं काही नाही." सेक्रेटरी म्हणाले, "काही नाही वहिनी, थंडी फार आहे असं म्हणत होतो." थंडी फार आहे हे सांगायला माणूस घाम पुसतो का?

मला काय करायचंय म्हणा! पण आठव्या दिवशी दुपारी जिन्यात कोणी नव्हतं. हे जेवून जरा आडवे झाले होते. मी ह्यांचं ते भिंग घेतलं, आणि हळूच दार उघडून त्या उजव्या हाताच्या पट्टीपाशी गेले. हात लावायचा नव्हताच, शप्पथ! फक्त बघायचं होतं. भिंगातून बघितलं, तर काचेखाली काळं काळं काहीतरी. म्हटलं, सापडलं! याच्याखाली काहीतरी बसवलंय. आपलं बोलणं ऐकायचं यंत्र असणार! हल्ली किती बारीक यंत्रं निघाली आहेत, ह्यांच्या घड्याळातच बघा ना! डोक्यात विणकामाची सुई खोचलेली होती, ती काढली, आणि काचेच्या खाली अशी अलगद… अगदी अलगद हो… टक्‌!

तुटली.

आणि खाली काय होतं सांगू? भेग. नुसती भेग. सत्तावीस वर्षांचा काळा मळ भरलेली, रोज बघितलेली, माझ्याच ओळखीची भेग!

मी घरात आले, भिंग जागेवर ठेवलं, सुई डोक्यात खोचली, आणि विणत बसले. हे उठले. भिंग हातात घेतलं, बघितलं, म्हणाले, "भिंगाला चुना कसा लागला?" म्हटलं, "थंडीने लागला असेल." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण इतका वेळ ह्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी जिन्यात किंकाळी! "आई गं!" मी दार उघडते तर फूटपट्टी भिंतीपुढे उभी, तोंड पांढरंफटक. "काकू… पट्टी तुटली!" मी म्हटलं, "अगं, काच आहे, तुटायचीच." तर म्हणते, "नाही काकू, ती अशी तुटत नाही. भेग वाढली, भिंत सरकली, तरच तुटते. त्यासाठीच लावतात!"

म्हणजे ते यंत्र काचेखाली नव्हतं, काच हेच यंत्र होतं! मग सांगायला काय झालं होतं गं बाई? एवढं एक वाक्य तुझ्या सरांनी बोलू दिलं असतं तर माझी सुई डोक्यातच राहिली असती ना!

आता बोलायचं की नाही? जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात ती वही घेऊन सगळ्या पट्ट्या बघायला धावली. तळाशी गेली, गच्चीत गेली, शेवटी माझ्या घरात आली, गॅलरीत वाकून बघितलं, काहीतरी लिहिलं, आणि एक शब्द न बोलता गेली. तिने सरांना फोन केला, फोन सेक्रेटरींनी ऐकला, आणि मग काय! तासाभरात नोटीस लागली : "सूचना : जिन्यात धावू नये, उड्या मारू नयेत, दारे जोरात आपटू नयेत." दातांच्या डॉक्टरांनी मशीन बंद केलं, एक माणूस दाढ निम्मी कोरलेली तशीच घेऊन घरी गेला. अख्खी इमारत चवड्यांवर चालायला लागली! शिंक आली तरी लोक नाक दाबायचे.

संध्याकाळी नर्सबाई दारात. पायात ड्यूटीचे बूट तसेच. "ताई, दोरी आहे का हो? गाद्या बांधून ठेवते. पोर म्हणते, उद्या सेमिनारमध्ये सर ठरवतील. त्यांनी नगरपालिकेला पत्र दिलं की दोन दिवसांत खाली करावं लागेल." आणि मग हळू आवाजात म्हणाली, "कुठे जायचं हो ताई? अठरा वर्षं डबल ड्यूटी करून घेतलंय हे घर. आणि माझ्याच पोरीने शोधून काढलं बघा… तिला बिचारीला काय बोलू? तिचं चुकलं नाही ना काही."

तिचं चुकलं नाही. मी दोरी दिली. अहो, दोरी दिली मी! बोलायचं सोडून दोरी दिली! त्या बाईने मला तापात रोज येऊन इंजेक्शनं दिली होती, एक पैसा घेतला नव्हता, आणि मी तिला गाद्या बांधायला दोरी देते! ती गेल्यावर हे म्हणाले, "आणखी काही द्यायचं राहिलं का?" मी म्हटलं, "मला काय करायचंय…" पण ते तोंडातच विरलं.

दहावा दिवस. सेमिनार! रहिवाशांनाही बोलावलं होतं. हा एवढा हॉल, गारठा असा की खुर्चीही थंडीने कुरकुरतेय, समोर पडदा, आणि ओळीने पोरंपोरी, सगळ्यांच्या नाकाला पाणी आणि हातात कागद. एक मुलगा त्याच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर बोलला, एक जण गळक्या गच्चीवर बोलला, मला काही कळलं नाही, मी विणत होते. मोठे सर पुढे बसलेले, बारीक, पांढऱ्या मिशा, आवाज इतका हळू की सगळे वाकून ऐकायचे.

मग आमची फूटपट्टी उठली. पडद्यावर आमची इमारत! मला तर क्षणभर बरंच वाटलं, गॅलरीत मीच उभी दिसत होते. ती सांगत होती, "अकरा पट्ट्या लावल्या. आठव्या दिवसापर्यंत सगळ्या शाबूत. नवव्या दिवशी दोन तुटलेल्या आढळल्या. एक जिन्याच्या बाजूला, एक रस्त्याच्या बाजूला."

दोन? दोन कशा?

सर म्हणाले, "एक तुटली तर तेवढीच जागा हलली असं समजतो. पण दोन टोकांना दोन तुटल्या म्हणजे इमारतच हलतेय. पत्र द्यावं लागेल." नर्सबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग सर म्हणाले, "जिन्यातली पट्टी मोठी करून दाखव." पडद्यावर पट्टी आली, केवढी! दारापेक्षा मोठी! आणि त्या पांढऱ्या प्लास्टरच्या गोळ्याला चिकटलेला एक धागा. जांभळा.

"हे काय आहे?" सरांनी विचारलं.

फूटपट्टी चष्मा पुसून बघायला लागली. मागून एक पोरगा म्हणतो, "सर, सळई गंजली की त्यातून रंगीत थर सुटतो, त्यातला असेल." दुसरा म्हणतो, "नाही सर, बुरशी आहे, थंडीत अशी तंतूसारखी येते!" तिसरी म्हणते, "सर, जुन्या प्लास्टरमध्ये मजबुतीसाठी तंतू घालायचे, मी वाचलंय!" अहो, सगळे वह्यांमध्ये लिहायला लागले! माझ्या लोकरीवर! आणि मांडीवर माझ्या ते अर्धं जांभळं वांगं, आणि शेजारी हे, समोर बघत, हळूच, "उठतेस, की मी उठवू?"

उठले. काय करणार? म्हटलं, "बुरशी नाही ती. लोकर आहे. माझी आहे." सगळ्या माना वळल्या. "मीच तोडली ती काच. सुईने. मला वाटलं, खाली काहीतरी आहे. काही नव्हतं." आणि मग नर्सबाईंकडे बघून म्हटलं, "दोरी परत द्या हो मला. गाद्या सोडा."

वाटलं, आता पोरगी माझ्यावर ओरडणार. दहा दिवसांची मेहनत, मोठ्या सरांपुढे माती झाली. पण फूटपट्टी मटकन खुर्चीत बसली आणि हसायलाच लागली, "काकू, म्हणजे इमारत हलली नाही!" नर्सबाई रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही ना!" एवढंच.

सर मात्र शांत. वहीत लिहीत होते. "सुई किती नंबरची?" म्हटलं, "दहा." लिहिलं त्यांनी! मग म्हणाले, "आणि गॅलरीतली?"

"तिला मी हातसुद्धा लावला नाही हो!"

कोण विश्वास ठेवणार? अख्खा हॉल हसला. मी शपथा घेतल्या, पण ज्या बाईने एक तोडली तिने दुसरी सोडली असेल, हे कोणाला पटणार? फक्त सर हसले नाहीत. म्हणाले, "गॅलरीत दिवसातून किती वेळ उभ्या असता?" मी म्हटलं, "असते आपली, कधीमधी." तर हे, जन्मात चार माणसांत तोंड न उघडणारे हे, म्हणतात, "झोपेचा वेळ सोडून." सर मुलांकडे वळले, "बघा, म्हणजे इथे वजन ठेवून बघायची चाचणी वर्षानुवर्षं चालूच आहे."

दुसऱ्या दिवशी स्वतः आले. गॅलरीच्या खालून बघितलं, हातोडी मारली, आणि बचकभर प्लास्टर त्यांच्या हातात आलं. आत सळ्या अशा गंजलेल्या की बोटाने भुगा होत होता. तिथली काच खरंच आपोआप तुटली होती! मी सगळ्यांना सांगितलं, बघा, मी खोटं बोलत नव्हते! पण तो आनंद करायला मला कोणी वेळ दिला नाही. सर म्हणाले, "बाई, आजपासून यावर पाऊल ठेवायचं नाही. इमारत चांगली आहे. एवढी गॅलरी पाडावी लागेल."

मग मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, "त्या दिवशी लिफ्टमध्ये तुम्ही काय म्हणत होता? कोर्स संपला की अख्खी इमारत काय?" तर म्हणतात, "अख्खी इमारत फुकटात तपासून मिळेल, असं म्हणत होतो वहिनी! तुम्हाला काय वाटलं?" आणि घाम का पुसत होता? तर म्हणे, "तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढत होतो, लिफ्ट बंद होती."

झालं. गेल्या आठवड्यात गडी आले आणि गॅलरी काढून घेऊन गेले. फूटपट्टीला सरांनी उन्हाळ्यातल्या मोठ्या कोर्सला बोलावलंय. तिथे ती एक नवाच धडा सांगणार आहे, म्हणे आधी रहिवाशांना सगळं समजावून सांगावं, मगच काच लावावी. त्यात माझ्या दहा नंबरच्या सुईचा फोटो आहे. "तुमचं नाव नाही घातलं काकू," म्हणते, "नुसतं 'एक रहिवासी' लिहिलंय." जशी काही कोणाला कळणारच नाही!

बाकी सगळं जागच्या जागी आहे. नर्सबाईंच्या गाद्या पलंगावर आल्या, दातांच्या डॉक्टरांनी ती राहिलेली निम्मी दाढ कोरली, ह्यांनी तो जांभळा स्वेटर निमूट घातला. अख्खी इमारत पाडणार म्हणून मी जीव मुठीत धरून होते, तर पाडलं ते एवढंच, नेमकं माझं. गॅलरीच्या दाराला आता आडव्या फळ्या ठोकल्या आहेत. काल संध्याकाळी खाली रस्त्यावरून कोणीतरी म्हणत चाललं होतं, "तुला कळलं का, त्या पलीकडच्या घरातली सून…" आणि आवाज गेला पुढे. पूर्वी वाकून बघितलं असतं, कोण ते, कुठली सून ते. मी फळ्यांना कान लावून उभी राहिले जरा वेळ, मग येऊन ह्यांच्यासमोर बसले.

मला काय करायचंय म्हणा! आणि खरं सांगू, आता काही करायला ठेवलेलंच नाही हो.